गावात कोडिंग होत नाही म्हणे!

आमच्या दारव्हा तालुक्यातल्या बहुतेक ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं, की गावात बसून प्रोग्रामिंग शिकणं म्हणजे वेळ घालवणं. इंग्रजी पक्कं लागतं, भारी लॅपटॉप लागतो, पुण्याचा क्लास लागतो. ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर, ते तर कंपन्यांसाठी फुकट राबणं, आणि आता तर एआयच सगळा कोड लिहितं. मामानं तो मला पाठवला, खाली दोन हात जोडून. मला शिकायला लागून सातच महिने झालेत. पण तेवढ्यातही यातलं बरंच तपासून झालंय.

आधी इंग्रजी. मी शिकतोय ती प्रोग्रामिंगची भाषा म्हणजे पायथन. तिचे राखीव शब्द, म्हणजे ज्यांचा अर्थ भाषेनंच ठरवून ठेवलाय ते, आहेत ३५. खताच्या बॅगेवर याहून जास्त इंग्रजी छापलेलं असतं. बाकीची नावं आपण द्यायची, आणि २००८ साली आलेल्या पायथन ३ पासून ती देवनागरीतही चालतात. "मजुरी = वजन * दर" ही माझ्या प्रोग्राममधली खरी ओळ आहे.

हा प्रोग्राम बाबांच्या वहीतून निघाला. कापूस वेचणीचं रोजचं वजन ते नावापुढं लिहितात आणि बाजाराच्या आदल्या रात्री बेरीज करत बसतात. मी ती फोनवर आणली. एका मावशीचे दोन दिवस टाकले, ३८ किलो आणि ४१ किलो. उत्तर आलं ३८४१. दोन दिवसांत अडतीस क्विंटल! बाबा म्हणाले, "एवढा तं आपल्या अख्ख्या वावरात नाही पिकत लेका." झालं असं होतं, की कीबोर्डवरून आलेला आकडा पायथन आधी अक्षर समजतो आणि अक्षरं एकापुढं एक चिकटवतो. त्याला int लावून "हा आकडा आहे" असं सांगावं लागतं. ते सांगितलं आणि ७९ आले. मग गंमत म्हणून मराठी कीबोर्डवरून ४१ टाकून पाहिले, तर तेही त्यानं बिनतक्रार ओळखले. मात्र कोडमध्येच "दर = १०" लिहिलं की चूक दाखवतो, तिथं आकडा इंग्रजीच लागतो. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. त्या रात्री झोप आली नाही.

इंग्रजीचा त्रास नाही असं मी म्हणणार नाही. माहितीची पानं इंग्रजीत असतात, एका पानाला मला तास लागतो. पण तास लागणं वेगळं आणि न येणं वेगळं.

लॅपटॉप माझ्याकडं नाही. फोनवर कोड चालवायचं टर्मक्स नावाचं अॅप टाकलंय, तेही ओपन सोर्सच, आणि ओटीजी वायर लावून जुना कीबोर्ड जोडलाय. लाईन गेली तरी काम थांबत नाही. छोट्या स्क्रीनवर डोळे दुखतात, हे खरं.

क्लासचं म्हणाल तर पायथनसोबत त्याचा स्वतःचा कोडही आपल्या फोनमध्ये येतो. calendar नावाची फाईल मी उघडून पाहिली. लीप वर्षाचा नियम तिथं एका ओळीत आहे: ४ नं भाग जावा, आणि १०० नं जाऊ नये किंवा ४०० नं जावा. शाळेत फळ्यावर होता तोच! जगभर वापरतात ती फाईल आणि माझी समजूत एकाच ओळीत भेटली. एवढं दाखवणारा क्लास असेल तर फी सांगा.

ओपन सोर्सचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. हौशी लोकांच्या मेहनतीवर मोठ्या कंपन्या कमावतात, यात वाद नाही. पण मामानं तो मेसेज ज्या अँड्रॉइड फोनवरून ढकलला, त्याच्या तळाशी लिनक्स हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. १९९१ साली हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्यानं सुरू केलेलं ते काम आज आपल्यालाही फुकटच मिळतंय की. माझं योगदान फार छोटं आहे. एका अॅपमध्ये फाईल "जतन करा" म्हणायच्या जागी "वाचवा" लिहिलेलं होतं, जणू फाईल विहिरीत पडली! मी दुरुस्ती पाठवली. तपासणाऱ्यानं आणखी दोन चुका दाखवून परत केली, मग अकराव्या दिवशी स्वीकारली. इतक्या बारकाईनं माझं लिहिलेलं आजवर कोणी तपासलं नव्हतं.

राहिलं एआय. त्यालाही वेचणीचा हिशेब करायला सांगून पाहिला. कोड माझ्यापेक्षा सुबक होता. बाबांनी चष्मा लावून स्क्रीनकडं पाहिलं आणि विचारलं, "अन् दिवाळीची उचल कुठं वजा केली?" ती त्याच्याही कोडमध्ये नव्हती आणि माझ्याही. सध्या तेच लिहितोय.