आयर्लंडचं सगळं रेकॉर्ड जळालं? नाही, खुलासा वाचा

एक मेसेज फिरतोय की १९२२ च्या आगीत आयर्लंडचं सगळं रेकॉर्ड जळालं, त्यामुळे तिथले पूर्वज शोधणं आता शक्यच नाही. हे अर्धवट आहे.

३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये रेकॉर्ड ऑफिस जळालं हे खरंय, १८२१ ते १८५१ च्या जनगणनेची बहुतेक कागदपत्रं त्यातच गेली. पण १८६१ ते १८९१ ची त्या आगीत नाही गेली, ती आधीच सरकारनेच नष्ट केलेली. आणि १९०१ अन् १९११ ची जनगणना शाबूत आहे, नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर फुकट बघता येते, स्वतः उघडून बघा. त्यात घराचा वेगळा फॉर्म असतो, भिंती दगडाच्या की मातीच्या, छप्पर गवती की स्लेटचं, पुढच्या बाजूला खिडक्या किती, सगळं लिहिलेलं! त्याआधीचं हवं असेल तर ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन (१८४७-१८६४), म्हणजे कर ठरवण्यासाठी झालेली जमीन-घरांची मोजणी, आहे, त्यात जमीन-घर भाड्याने घेणाऱ्याचं नाव, जमीनमालक आणि नकाशावरचा नंबर, म्हणजे जुन्या घराची जागासुद्धा सापडू शकते. कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्मा-लग्नाच्या वह्याही नॅशनल लायब्ररीने ऑनलाइन टाकल्यात. फक्त टाउनलँडचं, म्हणजे वाडीचं नाव आधी शोधा, नुसत्या आडनावावर हजारो माणसं निघतात.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका, लोक शोध सुरू करायच्या आधीच नाद सोडतात.