जॉन दोन, लॉरेन्स दोन आणि एक मार्था: वॉशिंग्टन वंशावळीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याच्या घराण्याची वंशावळ खुद्द इंग्लंडच्या गार्टर किंग ऑफ आर्म्सने (म्हणजे घराण्यांची चिन्हं आणि वंशावळी सांभाळणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याने), सर आयझॅक हर्डने काढली होती, जॉन आणि लॉरेन्स हे भाऊ तिच्यात आहेतच, मग मी एका जॉनचे दोन जॉन आणि एका लॉरेन्सचे दोन लॉरेन्स करून उगाच गुंता वाढवला. शिवाय 'ज्युनिअर' म्हणजे मुलगा हे कुणीही सांगेल, आणि जन्मतारखेत १७३१/३२ असं दोन वर्षं लिहिणं म्हणजे पळवाट.

सर, गुंता मी नाही केला, त्या घराण्यानेच करून ठेवलाय. पिढ्यानपिढ्या जॉन, लॉरेन्स, जॉन, लॉरेन्स हेच चाललंय.

हर्डने केलं काय ते बघा. त्याने १७९१ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनला पत्र पाठवून घराण्याची माहिती विचारली, तर पुढच्या वर्षी उत्तर आलं की या विषयाकडे मी फारसं लक्ष दिलेलं नाही. हर्डला हवे होते जॉन आणि लॉरेन्स, साधारण १६५६-५७ च्या सुमारास इंग्लंडहून अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीत आलेले सख्खे भाऊ; त्यातला जॉन हा जॉर्जचा पणजोबा. इंग्लंडमधल्या सलग्रेव्ह गावच्या वॉशिंग्टनांत त्याला जॉन आणि लॉरेन्स अशी भावांची जोडी सापडली (त्यांचा बापही लॉरेन्सच!) आणि त्याने ती उचलून व्हर्जिनियात नेऊन बसवली. नावं जुळली, भाऊ-भाऊ हेही जुळलं, आणि पुढे कितीतरी वर्षं लोक तेच छापत राहिले.

१८६६ मध्ये वंशावळींचा अभ्यासक जोसेफ लेम्युएल चेस्टरने हे खोडून काढलं. इंग्लंडमधला तो जॉन म्हणजे सर जॉन, नाइट होता, आणि त्याचा भाऊ लॉरेन्स चर्चचा पाद्री. व्हर्जिनियातल्या जॉनला कागदांत कर्नल म्हटलंय, पण सर कुठेच नाही, आणि सतराव्या शतकात कुणी स्वतःचा 'सर' हा किताब लिहायला विसरेल हे मला तरी पटत नाही. बरं, पाद्री लॉरेन्स तर हे भाऊ व्हर्जिनियात येण्याच्या आधीच वारला होता. म्हणजे मेलेल्या माणसाला जहाजात बसवल्यासारखं झालं.

मग खरे कोण? हे १८८९ मध्ये हेन्री वॉटर्स या दुसऱ्या वंशावळ-अभ्यासकाने मांडलं आणि मला त्याची पद्धत फार आवडते, कारण तो नुसत्या नावामागे धावला नाही. पाद्री लॉरेन्सची बायको अ‍ॅम्फिलिस, ती राहायची हर्टफर्डशरमधल्या ट्रिंगला. ती गेल्यावर तिच्या मालमत्तेचा कारभार तिच्या जॉन नावाच्या मुलाकडे दिल्याचा कागद वॉटर्सला मिळाला. त्याच ट्रिंगच्या अँड्र्यू नोलिंगच्या मृत्युपत्रात तिच्या मुलांची नावं आहेत, आणि त्यात एक मुलगी मार्था. आता व्हर्जिनियातल्या जॉनचं १६७५ चं मृत्युपत्र वाचा, तो बहीण मार्थाला इंग्लंडमधल्या पैशातले दहा पौंड, इकडे येण्याच्या खर्चापोटी ती त्याचं जे देणं लागेल ते माफ, आल्यावर वर्षभर राहायची सोय आणि वर चार हजार पौंड वजनाचा तंबाखू देऊन जातो. जॉन आणि लॉरेन्स ही जोडी तर घरटी सापडेल, पण जॉन, लॉरेन्स आणि मार्था, तिघं एकाच आईची, हे जुळवून दाखवा म्हटलं की बाकीचे उमेदवार गळतात.

म्हणजे हर्डने ज्यांना स्थलांतरित भाऊ धरलं होतं ते निघाले त्यांचे काका आणि वडील! मधली एक आख्खी पिढी गायब, आणि तिच्याबरोबर अ‍ॅम्फिलिसही. या बाईचं नाव वंशावळीत असायला हवं म्हणून मी एवढा जीव तोडून भांडतोय.

तुम्ही ज्या ऑनलाइन वंशावळींचे दाखले दिलेत तिथेही असंच होतं. व्हर्जिनियातल्या जॉनची पहिली बायको अ‍ॅन पोप, दुसरी अ‍ॅन जेरार्ड, तिसरी त्या दुसरीचीच बहीण फ्रान्सिस. दोन्ही अ‍ॅनना एक करून टाकलं की मुलं कुणाची, जमीन कुठल्या सासऱ्याकडून आली, सगळाच घोळ. आणि अशी एक चुकीची नोंद शंभर जणांनी कॉपी केली म्हणून ते शंभर पुरावे होत नाहीत, तो एकच राहतो.

'ज्युनिअर'चं म्हणाल तर त्या काळचा कारकून गावात एकाच नावाची दोन माणसं असली की मोठ्याला सीनिअर आणि लहानाला ज्युनिअर लिहायचा, मग ते बापलेक असोत, काका-पुतणे असोत नाहीतर एकमेकांचे कुणीच नसोत. मोठा वारला की कालचा ज्युनिअर आज सीनिअर. त्यामुळे ज्युनिअर दिसला की मी आधी त्या वर्षी गावात त्याच नावाचे कोण कोण जिवंत होते ते बघतो, मग नातं लावतो.

तारखेचं तर अगदी सरळ आहे. १७५२ पर्यंत इंग्लंडात आणि वसाहतींत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्याला लोक दोन वर्षं लावून लिहायचे. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म घरच्या बायबलमध्ये ११ फेब्रुवारी १७३१/२ असाच नोंदलाय, ज्याला आपण, १७५२ च्या कॅलेंडरबदलात वगळलेले अकरा दिवस मिळवून, २२ फेब्रुवारी १७३२ म्हणतो. दोनातलं एक वर्ष पुसलं तर एकाच माणसाच्या दोन नोंदी दोन माणसांच्या वाटतात, किंवा उलट, आणि म्हणून मी ती तिरपी रेघ पुसणार नाही.

तुमच्याकडे सर जॉनला व्हर्जिनियात दाखवणारा त्या काळचा एखादा कागद असेल, म्हणजे जमिनीचं खत, कोर्टातली साक्ष, काहीही, तर जरूर पाठवा, मी नीट वाचीन. पण कागद हवा, कुणाचा तरी वंशवृक्ष नको. तोपर्यंत माझ्याकडे दोन जॉन आणि दोन लॉरेन्स वेगवेगळेच राहतील.