हिशेबात अजून खालीच

सकाळी एकाने रील पाठवलं. कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्स या सोन्याच्या खाणींच्या गावातल्या सायनाइडच्या टेकड्या (म्हणजे सोनं काढून उरलेल्या मातीचे ढीग), त्यांवर गॉगल लावून नाचणारी पोरं आणि वर मोठ्या अक्षरांत 'भुतांचं शहर'. डोकंच फिरलं माझं.

भुतांचं? अरे, माणसं राहतात तिथे! हजारो जण रोज पहाटेची गाडी पकडून बंगळूरला कामाला जातात आणि रात्री परत येतात.

काही वर्षांपूर्वी ऑफिसातल्या मैत्रिणीच्या घरी गेले होते तिथे. तिचे अप्पा चँपियन रीफच्या खाणीत होते. ती खाण तीन किलोमीटरहून खोल. त्यांनी कपाटातून नंबर कोरलेला पितळी बिल्ला काढून माझ्या हातावर ठेवला. उतरताना घ्यायचा, वर आलं की परत द्यायचा. बिल्ला आला नाही, तर माणूस खालीच आहे असं धरायचे. २००१ साली खाणी बंद पडल्या, त्या गडबडीत यांचा बिल्ला परत द्यायचा राहिला. "म्हणजे हिशेबात मी अजून खालीच," म्हणाले आणि स्वतःच हसले.

वारसा म्हटलं की आपल्याला साहेबांचे बंगले दिसतात. १८८० मध्ये जॉन टेलरची इंग्रज खाण-कंपनी आली, १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्र धबधब्याची वीज आली, तीही बंगळूरच्या आधी. छानच. पण बंगल्याचं काय, उद्या हॉटेल होऊन तरेल तो. शाफ्टवरचा, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीवरचा लोखंडी सांगाडा, कामगारांच्या घरांच्या लाइनी, हजेरीची पुस्तकं? सांगाडा वजनावर जाईल, पुस्तकं रद्दीत!

आणि आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये याच खाणींत, दोन किलोमीटरहून खोल, वातावरणातून येणारे न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण टिपले. त्याचा आपल्याला केवढा अभिमान! त्यांची यंत्रं खाली कुणी नेली असतील? बिल्लेवाल्यांनीच ना?

हो, ठाऊक आहे, ज्याच्या घरात वाऱ्याबरोबर त्या टेकड्यांची धूळ येते त्याला आधी टेकडी झाकून हवी आणि पोराला गावात नोकरी हवी, म्युझियम नंतर. मान्य. पण एक शाफ्ट आणि एक लाइन जपली म्हणून कुणाची नोकरी अडणार आहे?

जाऊ दे. रीलमधली पोरं विशीतली दिसतात, त्यांना कुणी सांगितलंच नसेल. मी तरी काय केलं होतं? बिल्ला हातात आल्यावर आधी फोटो काढला, मग अप्पांना प्रश्न विचारले.

आत्ता लिहितानाच मैत्रिणीला मेसेज केला, बिल्ला कुठंय? म्हणाली, भावाने स्कूटरच्या किल्लीला लावलाय. हरवशील म्हणून अप्पा रोज ओरडतात.