निर्दोष निघाला म्हणून रडायचं?

काल रात्री एक नवं नाटक पाहून आले. डोकं अजून तापलेलंच आहे. नाव लिहीत नाही, पोरं मेहनती आहेत. लहानपणी शेजारी राहणारा मुलगा येरवड्याच्या फाशी यार्डात आहे, हे एका बाईला कळतं आणि ती त्याला भेटायला जाते. पहिला अंक खरंच छान. पण शेवटी काय, तर खून त्याने केलेलाच नव्हता! सगळं थिएटर मुसमुसतंय. म्हणजे त्याने केला असता तर रडायचं नव्हतं?

माझी आत्या प्राथमिक शाळेत बाई होती. तिच्या एका विद्यार्थ्याने पैशांसाठी दोन म्हाताऱ्या माणसांना मारलं. मारलंच, त्यात शंका नव्हती. सेशन्स कोर्टाने फाशी दिली. हायकोर्टाने कायम केल्याशिवाय ती फाशी होत नाही, त्या मधल्या काळात आत्या त्याला भेटायला गेली. गावाने तोंड सोडलं, घरच्यांनीही सोडलं.

आणि नाटकात? दयेचा अर्ज संध्याकाळी फेटाळला, पहाटे फाशी. अहो, २०१४ पासून अर्ज फेटाळल्याचं कळवल्यावर किमान १४ दिवस द्यावे लागतात, घरच्यांची शेवटची भेटही. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. त्याआधी २०१३ मध्ये अफझल गुरूच्या घरी सरकारचं पत्र फाशीनंतर पोचलं होतं. हे नाटकात घ्या ना! ते नको, व्हायोलिन पाहिजे.

बरं, निर्दोष माणसंही सापडतात, मान्य. नाशिकच्या खटल्यात २००९ मध्ये सहा जणांना फाशी सुनावणाऱ्या सर्वोच्च न्यायालयानेच २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्यांची मधली वर्षं कोण देणार? पण तो वेगळा राग आहे, त्यावर वेगळं नाटक लिहा.

आत्याच्या भेटीत व्हायोलिन नव्हतं. मध्ये जाळी, दोन्हीकडून माणसं ओरडतायत, धड ऐकू येईना. "का केलंस रे?" तिने विचारलं. तो गप्प. मग तिने त्याच्या पत्रातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढल्या. तो हसला म्हणे. शाळेची कौलं बदलली का, विचारत होता. तिने त्याला माफ केलं नाही, कधीच नाही. तसं ती त्याला तोंडावर म्हणालीसुद्धा. आणि कॅन्टीनसाठी मनीऑर्डर पाठवत राहिली, पुढे हायकोर्टाने जन्मठेप केली तरी.

ज्यांचे आईबाप गेले त्यांच्यासमोर हे सांगायची माझी छाती नाही. नाहीच.

पण नाटकवाल्यांनो, तुम्हाला हे जमायला हवं होतं. ज्याने केलंय त्याच्यासमोर बसायचं, आणि तो आपला आहे हेही नाकारायचं नाही. ते अवघड पडलं म्हणून तुम्ही त्याला धुऊन पांढरा केलात आणि आम्हाला सुखाने रडवलंत.

लेखक ओळखीचा आहे. आज फोन करून दुसरा अंक पुन्हा लिही म्हणणार आहे. रागावला तर रागावू दे. आत्याचा नंबर देते, भांड म्हणावं तिच्याशी.