पंचनामा झाला, पैसे कुठं गेले बावा?

राजेहो, पिकाच्या नुकसानभरपाईचं दरवर्षी हेच रडगाणं. आम्ही राहतो नागपुरात, शेती काटोलकडं, थोडा संत्रा अन् बाकी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. विमा काढला नाही, कारण एक रुपयातला पीक विमा 2025 मध्ये बंद झाला अन् आता कापसाला विमा रकमेच्या 5 टक्क्यांपर्यंत हप्ता आपणच भरायचा. मग राहिली सरकारी मदत, तिथं नुकसान 33 टक्के पाहिजे, त्याच्या खाली असलं तं घरी बसा. आता हे 33 टक्के बांधावरून कशानं मोजतात देव जाणे, बोंडं काळी पडलेली, झाडाखाली संत्र्याचा सडा, अन् पंचनाम्याला आलेले साहेब मोबाइलवर एक फोटो काढून म्हणतात, बघू!

केंद्राच्या निकषात कोरडवाहूला हेक्टरी 8,500, म्हणजे एकरी साडेतीन हजारही नाही. बियाण्याची दोन पाकिटं अन् डीएपी खताची एक गोणी आली की खेळ खलास, फवारणी, निंदण, वेचणी कोणाच्या खिशातून?

अन् मदतीच्या यादीत नाव आलं तरी ई-केवायसी आहेच, म्हणजे अंगठा लावून आधारवरून ओळख पटवा. बाबांचा अंगठाच उमटत नाही, जन्मभर मातीत राबलेल्या माणसाच्या बोटाला रेघा राहतील का? सेंटरवाला पोरगा म्हणते, काका, हात धुऊन या. त्यात सातबारा सामाईक, म्हणून काकांचं संमतीपत्र आणा, अन् काका तं बाबांशी बोलतच नाहीत (तो वेगळाच किस्सा आहे).

एवढं करून पैसे पडले, तं बँकेनं खातंच होल्ड केलं, म्हणे पीककर्ज थकलंय!