खुराड्यात शेगडी ठेवायला सांगणारा तो मेसेज: कृपा करून पाळू नका

थंडीचा जोर वाढला की ‘कडाक्याच्या थंडीत एकही कोंबडी दगावणार नाही, सहा रामबाण उपाय’ हा मेसेज गावागावांतल्या ग्रुपवर फिरायला लागतो. यंदा तो निफाड तालुक्यात राहणाऱ्या माझ्या आत्यापर्यंत पोचला. तिच्या परसात गिरिराज आणि गावठी कोंबड्या आहेत. फोनवर तिनं विचारलं, “प्लॅस्टिक आणून ठेवलंय. शेगडी रात्रभर आतच राहू देऊ ना गं?” एकदा समजावून सांगितलं, तरी तिचं आपलं एकच, “पण सगळ्यांनी पाठवलाय.” सगळ्यांनी पाठवला म्हणून तो खरा ठरत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मेसेज म्हणतो: खुराडं चारही बाजूंनी प्लॅस्टिकनं हवाबंद करा. कोळशाचा धूर निघून गेला की लाल निखाऱ्यांची शेगडी रात्रभर आत ठेवा. पाण्यात दोन टोपणं दारू टाका. तुऱ्याला व्हॅसलीन चोळा. संध्याकाळी गूळ आणि बाजरी द्या. आणि शेवटी, थंडीत कोंबड्या मेल्या तर ती थंडीचीच मर समजा, दवाखान्याच्या चकरा मारू नका.

सगळ्यात आधी शेगडी, कारण यात जीव जातो, आणि तो कोंबड्यांचाच जाईल असंही नाही. धूर निघून गेला म्हणजे निखारे निर्धोक झाले, हा समज मुळातच चुकीचा आहे. बिनधुराच्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो, मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. पक्ष्यांवर याचा परिणाम माणसाच्याही आधी होतो. ब्रिटनच्या कोळसा खाणींत कामगार पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी सोबत नेत ते याच वायूच्या भीतीनं. जगभरचे पशुवैद्य ज्याचा आधार घेतात त्या ‘मर्क व्हेटरिनरी मॅन्युअल’मध्ये कोंबड्यांच्या विषबाधांत कार्बन मोनॉक्साइडची वेगळी नोंद आहे. हवा खेळती नसली की हे घडतं, आणि मेलेल्या पक्ष्याची फुफ्फुसं लालभडक गुलाबी दिसतात, असं त्यात दिलं आहे. म्हणजे सकाळी खुराड्यात मेलेल्या कोंबड्या पाहून ‘रात्री थंडी फार होती’ असं आपण म्हणणार, आणि त्यांना मारलेलं असणार शेगडीनं. आत्याचं खुराडं घराच्या मागच्या भिंतीला लागून आहे. त्या भिंतीच्या फटीपलीकडे माणसं झोपतात. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली अख्खी कुटुंबं दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात आपण वाचतो, तरी हा सल्ला पुढे पाठवताना कुणाचा हात थबकत नाही याचा मला राग येतो.

आता हवाबंद खुराडं. शेगडी नसली तरी ते वाईटच. रात्रभर कोंबड्यांच्या श्वासातून वाफ निघते, विष्ठेतला ओलावा वेगळाच. सकाळी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला हात फिरवून पाहा, थेंब लागतात. तेच थेंब तुसावर आणि पंखांवर पडतात. कोंबडीच्या शरीराचं तापमान 41 अंशांच्या आसपास असतं, आणि फुगवलेल्या पिसांत अडकलेली कोरडी हवा ती ऊब धरून ठेवते. पीस ओलं झालं की ही सोय संपली. शिवाय ओल्या तुसातून अमोनिया सुटतो. खुराड्यात उकिडवं बसून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्या. डोळे चुरचुरले तर तुमच्या कोंबड्या रात्रभर त्याच हवेत आहेत असं समजा. सर्दी, डोळ्यांना सूज, घरघर इथूनच सुरू होते.

करायचं ते सोपं आहे. ज्या अंगानं वारा येतो तिकडे गोणपाट किंवा ताडपत्री खालून वर लावा, पण छपराखाली वीतभर जागा उघडी ठेवा. वारा कोंबडीच्या अंगावर यायला नको, वाफ मात्र वरून निघून जायला हवी. खाली भाताचं तूस तीन-चार इंच, ते रोज खालीवर करायचं, ओला भाग काढून टाकायचा. बसायला रुंद, चपटी फळी द्या, म्हणजे पायाची बोटं पिसांखाली झाकली जातात. एवढं असलं तर निफाडचा 5-6 अंशांचा पारा मोठी कोंबडी विनाशेगडी काढते. कॅनडात बर्फ पडत असतानाही खुराड्याला वरून झरोका ठेवतात.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. लहान पिल्लांना ऊब लागतेच. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीला 35 अंश, पुढे दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी. पण ती ऊब बल्बची द्या. बल्ब साखळीनं पक्का टांगा, वायरीवर लोंबकळत ठेवू नका. तुसावर पडला तर आग लागते. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे, कडेला पळत असतील तर बल्ब वर घ्या.

दारूबद्दल फार लिहायची गरज नाही. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आतली ऊब उलट बाहेर जाते. त्यापेक्षा सकाळी गार पाणी ओतून टाकून कोमट द्या, म्हणजे कोंबड्या नीट पाणी पितील. बाजरीचं म्हणणं अर्धं खरं आहे. संध्याकाळी मूठभर बाजरी किंवा भरडलेला मका दिला तर रात्री ऊब टिकायला मदत होते, पण नेहमीचं खाद्य कमी करून नव्हे. गुळाची गरज नाही. अंडी घटली तर एकट्या थंडीला दोष देऊ नका, लहान दिवस हेही त्याचं मोठं कारण आहे.

व्हॅसलीनचा उपाय बर्फाळ देशांतून उचललेला आहे. तिथे शून्याखालच्या थंडीत तुरा गोठून काळा पडतो. आपल्याकडे तुऱ्यावर काळ्या खपल्या दिसल्या तर पहिला संशय कोंबड्यांच्या देवी रोगाचा (फाउल पॉक्स) घ्यायचा. हा रोग डास पसरवतात आणि त्याची लस मिळते. व्हॅसलीन चोळत बसलात तर रोग इतर कोंबड्यांत पसरत जातो.

आणि ‘थंडीचीच मर समजा’ हे वाक्य तर कुणी पुढे पाठवूच नये. 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. 2021 च्या जानेवारीत परभणीजवळ मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, तोही बर्ड फ्लूच निघाला. दोन्ही वेळा हिवाळाच होता. मानमोडी म्हणजे राणीखेत रोग, त्यावर तर औषधच नाही, त्याची ‘लासोटा’ नावाची लस वेळेवर दिली तरच बचाव. तुरा निळा-जांभळा पडला, डोकं सुजलं, एकदम तीन-चार कोंबड्या गेल्या, तर मेलेल्या कोंबडीला उघड्या हातानं शिवू नका, ती ओढ्यात टाकू नका, कापून खाऊ नका, उरलेल्या बाजारात विकू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा.