कोणाकडे जायचंय?

काल दुपारी चारच्या सुमारास एका अनोळखी वस्तीतल्या अनोळखी गृहस्थांनी मला दंडाला धरून बसमध्ये चढवले आणि कंडक्टरला बजावले, "यांना मध्ये कुठे उतरू देऊ नका." मी पन्नाशीला आलेला, चष्मा लावणारा आणि कर वेळेवर भरणारा मनुष्य आहे. यापूर्वी मला अशा रीतीने बसमध्ये बसवले गेले होते ते एकदाच, आणि तेव्हा मी सहा वर्षांचा असून माझ्या गळ्यात पाण्याची बाटली होती.

माझा गुन्हा एवढाच, की मी ती वस्ती पायी फिरून पाहायला गेलो होतो. रोजच्या बसच्या खिडकीतून तिथली एक गल्ली मला तीन-चार सेकंद दिसते. ती सरळ आत जाते आणि गोलाकार कोपऱ्याच्या एका जुन्या इमारतीपाशी डावीकडे वळून नाहीशी होते. त्या वळणापुढे काय असेल, हा प्रश्न मला वर्षभर छळत होता. बस हमरस्ता सोडत नाही. सायकलने जावे, तर अर्धे लक्ष खड्ड्यांत आणि उरलेले अर्धे मागच्या हॉर्नमध्ये अडकते. राहता राहिले पाय. माणूस ताशी साधारण 5 किलोमीटर चालतो, म्हणजे शंभर मीटरची गल्ली त्याने 72 सेकंदांत पार करावी. रमतगमत चालणाऱ्या सायकललाही तिला 24 सेकंद पुरतात. मला त्या गल्लीत 47 मिनिटे लागली, आणि तरीही वळण आले नाही.

गल्लीच्या मध्यावर एका दारासमोर प्लास्टिकची खुर्ची होती आणि तिच्यात ते बसले होते. बसले होते म्हणण्यापेक्षा, त्यांची तिथे नेमणूक झालेली होती. नेमणूक करणारे आणि नेमले गेलेले एकच, एवढाच काय तो फरक. केविन लिंच नावाच्या अमेरिकन नगररचनाकाराने 1960 साली असे मांडले होते, की माणूस शहराचा नकाशा मनात उभारतो तो पाच गोष्टींच्या आधाराने: वाटा, कडा, विभाग, नाके आणि ठळक खुणा. ठळक खूण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मनोरा किंवा घुमट येतो. माझ्या मनातल्या नकाशात मात्र त्या वस्तीची ठळक खूण कालपासून एकच आहे आणि ती प्रश्न विचारते.

"कोणाकडे जायचंय?" त्यांनी विचारले. स्वर मदतीचा होता, म्हणून मी फसलो.

"कोणाकडे नाही. सहज आलोय."

"सहज कोणाकडे?"

"सहज म्हणजे, बघायला."

"काय बघायला?"

खरे उत्तर 'तुमची गल्ली डावीकडे वळल्यावर पुढे काय करते ते' असे होते. परंतु ते मोठ्याने उच्चारण्यापूर्वी मी मनात म्हणून पाहिले आणि माझाच त्यावर विश्वास बसेना. म्हणून मी म्हणालो, "घरं बघायला."

"भाड्यानं हवंय?"

"नाही."

"मग विकत?"

"नाही हो. नुसतं बघायला."

"नुसतं," असे म्हणून त्यांनी खुर्ची वीतभर रस्त्याकडे सरकवली. वरच्या खिडकीतून आवाज आला, "कोण आहे हो?" त्यांनी मान वर न करता उत्तर दिले, "घरं बघतायत." "कोणाची?" "आपली." खिडकी लागली. कडी घातल्याचा आवाज मला खालपर्यंत स्वच्छ ऐकू आला.

मग त्यांचे लक्ष माझ्या हातातल्या मोबाइलकडे गेले. "त्यात काय टिपताय?" मी काही टिपत नसून नकाशा पाहतो आहे, हे सिद्ध करण्यासाठी मी भाबडेपणाने पडदा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्यावर वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. "हा निळा ठिपका म्हणजे तुम्ही?" "हो." "हा तर आमच्या बाथरूममध्ये आहे."

ठिपका खरोखरच त्यांच्या बाथरूममध्ये होता. मी त्यांना समजावले, की मोबाइलला आपला ठावठिकाणा कळतो तो सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांच्या संदेशांवरून. मोकळ्या माळावर तो काही मीटरपर्यंत नेमका असतो, परंतु उंच इमारतींच्या दाटीत तेच संदेश भिंतींवर आपटून किंचित उशिरा पोहोचतात आणि त्या उशिराचा अर्थ यंत्र जास्त अंतर असा लावते, त्यामुळे ठिपका रस्ता सोडून घरांत शिरतो. त्यांनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले. "म्हणजे वरून कोणीतरी बघतंय," ते म्हणाले, "आणि तुम्ही इथून बघताय."

घाबरलेला मनुष्य खोटे बोलतो आणि ते नेहमी वाईट बोलतो. मी एक आडनाव सांगितले. ते इतके सर्रास आढळणारे होते, की त्यावर चौकशी संपायला हवी होती. प्रत्यक्षात तिथूनच ती सुरू झाली. त्या आडनावाची तीन बिऱ्हाडे गल्लीत निघाली. "पहिल्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ते कोणाला भेटत नाहीत. दुसरे बाहेरगावी आहेत. आणि तिसऱ्यांशी," इथे त्यांनी समोरच्या इमारतीकडे न बघण्याची विशेष काळजी घेतली, "आमचं बोलणं नाही. तुम्ही कोणाचे?"

जे कोणाला भेटत नाहीत त्यांच्याकडे जाता येत नाही आणि जे घरी नाहीत त्यांच्याकडे तर त्याहून नाही, असा विचार करून मी तिसऱ्यांचे नाव घेतले. गृहस्थांचा चेहरा पाहताच मला कळले, की मी आता नुसता संशयित राहिलो नसून पक्षकार झालो आहे. पार्किंगच्या जागेवरून उद्भवलेला एक वाद, त्यातली एक कुंडी, त्या कुंडीची त्या रात्री असलेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नसलेली जागा, हे सर्व त्यांनी मला क्रमवार सांगितले आणि अखेरीस विचारले, "आता बोला, चूक कोणाची?" मी म्हणालो, "खरं सांगायचं तर मी त्यांच्याकडेही आलेलो नाही." ते हळूच उठले. "म्हणजे मघाशी खोटं बोललात."

आता इथे मला कोनिग्सबर्गची आठवण काढणे भाग आहे. त्या शहरात सात पूल होते आणि प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे शहर फिरता येईल का, असे एक कोडे तिथे होते. लिओनार्ड ऑयलरने 1736 साली असे फिरणे अशक्य असल्याचे सिद्ध केले आणि त्यातून गणिताची एक संपूर्ण शाखा निघाली. याच शहरात इमॅन्युएल कांट हा तत्त्वज्ञ राहत असे. तो रोज ठरल्या वेळी फिरायला निघायचा आणि शेजारी त्याच्याकडे पाहून घड्याळ लावून घेत, अशी दंतकथा आहे. माझे म्हणणे इतकेच, की त्या सात पुलांपैकी एकावर जरी कोणी खुर्ची टाकून बसला असता, तर गणित आणि तत्त्वज्ञान या दोहोंचे नुकसान झाले असते. कांटलाही विचारणा झाली असती आणि 'सहज' या शब्दाचे विवेचन करण्यात त्याची दोनशे पाने खर्ची पडली असती.

आमचे हे चालू असताना एक तरुण कुत्र्याला घेऊन गल्लीतून गेला. गृहस्थांनी त्याला हात केला. "तुमच्या ओळखीचा?" मी विचारले. "छे," ते म्हणाले, "पण कुत्रा फिरवतोय ना." तो तरुण आमच्या देखत गोलाकार कोपऱ्यापर्यंत गेला, डावीकडे वळला आणि वर्षभर मला न दिसलेल्या जागी निघून गेला. मला त्याचा इतका हेवा वाटला, की क्षणभर मी कुत्र्याच्या जागी असतो तरी चालले असते.

यातली गंमत मला मान्य आहे. परंतु घरी आल्यापासून ती कमी होत चालली आहे आणि राग वाढतो आहे. रस्त्यावर चालणाऱ्याजवळ कारण असावे लागते, हे ठरवले कोणी? हातात पार्सल असेल तर तो चालू शकतो, कानाला मोबाइल असेल तर उभाही राहू शकतो, पायांत पळायचे बूट असतील तर त्याच रस्त्यावरून पाच वेळा जाऊ शकतो. मोकळ्या हातांनी सावकाश चालणारा तेवढा संशयास्पद. बरे, थोडे थांबून पाहावे तर थांबण्याची सोय नाही. पदपथ वाहनांनी भरलेला असतो आणि नसतो तिथे तो मध्येच संपतो, जणू पुढे चालणारे कोणी असेलच कशाला. बाक जिथे असतात तिथे मध्ये लोखंडी दांडे बसवलेले असतात, म्हणजे कोणी चुकून आडवे होऊ नये. आणि मला अधिक लागले ते हे, की कडी घालणाऱ्या खिडकीचे मी काय सांत्वन करावे हे मला सुचले नाही. तिच्या दृष्टीने ती बरोबर होती, आणि तरीही मी चूक नव्हतो.

निघतो म्हटल्यावर गृहस्थ एकाएकी प्रेमळ झाले. "थांब्यापर्यंत सोडतो," म्हणाले. मी नको म्हणालो. त्यांनी दंड धरला. त्यांनी खुर्ची सोडलेली पाहून वरची खिडकी पुन्हा उघडली.

थांब्यावर आम्ही वीस मिनिटे शेजारी-शेजारी उभे होतो आणि मग दोन बस एकदम आल्या. हा खोडसाळपणा वाटतो, परंतु त्यामागे साधे कारण आहे. एका बसला जराही उशीर झाला, की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसे जमलेली असतात. ती चढेपर्यंत उशीर वाढतो. मागच्या बसला मात्र कमी माणसे मिळतात आणि ती वेगाने पुढे येऊन हिला गाठते. हे मी गृहस्थांना सांगितले. "तुम्हाला बरंच माहीत आहे," ते म्हणाले. ही स्तुती नव्हती.

पहिली बस तुडुंब होती. दुसऱ्या, रिकाम्या बसमध्ये त्यांनी मला सुरुवातीला सांगितलेल्या सूचनेसह चढवले. ती माझ्या घराच्या नेमक्या उलट दिशेला जाणारी होती, हे सांगण्याचे धाडस मला झाले नाही. कंडक्टरने विचारले, "कुठे?" मी म्हणालो, "शेवटचा थांबा." त्याने तिकीट फाडून दिले आणि तो पुढे गेला. मी तिथे कोणाकडे जाणार, हे त्याला जाणून घ्यायचे नव्हते. त्या क्षणी मला सार्वजनिक वाहतुकीविषयी जे प्रेम वाटले ते यापूर्वी कधी वाटले नव्हते. बसही पूर्वी इतकी उदार नव्हती. फ्रेंच गणितज्ञ ब्लेझ पास्कालच्या कल्पनेतून 1662 साली पॅरिसमध्ये ठरल्या मार्गाने आणि ठरल्या भाड्यात धावणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या, तेव्हा सैनिक, नोकरचाकर आणि मजूर यांना त्यांत बसायला बंदी होती. पुढे 1826 मध्ये फ्रान्समधल्याच नांत शहरात सुरू झालेल्या गाडीला 'ओम्निबस' हे नाव मिळाले, आणि त्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'सर्वांसाठी' असा आहे. बसला हे समजायला 164 वर्षे लागली. गल्लीला किती लागतील, याचा हिशेब मी शेवटच्या थांब्यापर्यंत करत होतो.

आज सकाळी मी खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे गेलो आणि त्यांचा कुत्रा रविवारी तासभर नेऊ का, असे विचारले. आमचा सतरा वर्षांचा शेजार आहे.

"न्या की," त्या म्हणाल्या. "कुठे नेणार?"

"सहज," मी म्हणालो.

वहिनींनी माझ्याकडे पाहिले, मग कुत्र्याकडे पाहिले आणि साखळीचा एक वेढा हाताला जास्त घेतला. "सहज म्हणजे कुठे, भाऊजी?"